घोंगडीला लागलेली कसर



पावसाळा सरला, पहाटे अंगावर काहीतरी ओढून घ्यावेसे वाटू लागले, की घरातील म्हातारी माणसे माळ्यावरचे गाठोडे खाली काढावयास सांगतात. गाठोडे सुटते. वर जुने लुगडे, खाली शाल आणि सर्वांत तळाशी घोंगडी. घोंगडी उजेडात धरली, की तिच्यातून पलीकडचा उजेड ठिपक्याठिपक्यांनी दिसतो. म्हातारी कपाळाला हात लावते आणि म्हणते, “कसर लागली गं बाई!”

या कसरीचा इतिहास आज मी आपल्याला सांगणार आहे. राजेरजवाड्यांचा आणि लढायांचा इतिहास आपण शाळेत शिकतो, तो शिकलाच पाहिजे. पण घरातल्या पेटीचाही एक इतिहास असतो. कसरीवर माणसाने कोणते उपाय केले, त्यांतल्या कोणत्या उपायाने खरे काम केले आणि कोणत्या उपायाला फुकटचे श्रेय मिळाले, हे नीट पाहिले तर त्यातून आजच्या घरासाठी एक मोलाची गोष्ट हाती लागते. ती गोष्ट नुसत्या कपड्याची नाही, पाळण्यातल्या लेकराचीही आहे. ती कशी, ते पुढे येईलच.

प्रथम शब्दाचे पाहू. आपण ‘कसर’ म्हणतो ती एक कीड नव्हे. जुन्या पोथ्या-वह्या कुरतडणारी, चांदीच्या रंगाची, उजेड पडताच सुळकन पळणारी एक कीड आहे, तिलाही आपण कसर म्हणतो. तिला खळ, पीठ, डिंक असे पिठूळ पदार्थ आवडतात. लोकरीवर लहान, गोल भुंगेऱ्याच्या केसाळ अळ्या पडतात, तीही कसरच. आणि तिसरी खरी कपड्यांची कसर, म्हणजे फिकट सोनेरी रंगाच्या एका इवल्याशा पाकोळीची अळी. ही पाकोळी पंखांसह जेमतेम ज्वारीच्या दाण्याएवढी किंवा त्याहून थोडी मोठी असते. आपल्या घरांत भिंतीवर भोपळ्याच्या बीसारखी चपटी, राखाडी पिशवी हळूहळू सरकताना आपण पाहिली असेल. त्या पिशवीतही याच कुळातली अळी असते. कोळ्याची जाळी, गळलेले केस आणि लोकर यांवर ती जगते.

आता तुम्ही म्हणाल, आपला बुलढाणा जिल्हा तर कापसाचा. खामगावच्या कापसाच्या बाजाराचे नाव एके काळी दूरवर गाजत होते. तो कापूस नेण्यासाठी १८७० साली जालंबपासून खामगावपर्यंत रेल्वेचा फाटा टाकला गेला. धोतर सुती, लुगडे सुती, गोधडी सुती. मग कसर काय खाणार? प्रश्न बरोबर आहे. स्वच्छ सुती कापड ही अळी खात नाही, कारण तिला ते पचत नाही. सुती कापडावर तेलाचे, दुधाचे, घामाचे डाग असतील, तर त्या डागांपायी ती कापड कुरतडते एवढेच. तिचे खरे अन्न म्हणजे प्राण्यांच्या अंगावरून आलेली वस्तू: लोकर, केस, पिसे. रेशमालाही ती अधूनमधून तोंड लावते.

म्हणूनच कापसाच्या या मुलखात कसरीची धाड पडते ती मुख्यतः धनगराच्या कामावर. काळ्या मेंढीची लोकर कातरायची, धनुकलीने पिंजायची, सूत काढायचे, त्याला चिंचोक्याची खळ द्यायची आणि मागावर पट्टी विणायची. एका घोंगडीमागे किती मेंढ्या आणि किती दिवसांची मेहनत असते, हे विणणाऱ्यालाच ठाऊक. ही घोंगडी पावसात डोक्यावर खोळ होते, रानात अंथरूण होते, थंडीत पांघरूण होते. घोंगडी विणणारे हात आता थोडे राहिले आहेत. म्हणून घरात असलेली जुनी घोंगडी कसरीने खाल्ली, तर तशी दुसरी सहज मिळेलच असे नाही. तिच्या जोडीला सणावारी निघणारी पैठणी, लग्नातला शालू, मुलांचे स्वेटर आणि शाळेतली बाजाची पेटी! होय, गुरुजी, पेटीच्या आत नमद्याच्या पट्ट्या असतात, आणि नमदा म्हणजे लोकरच. सुट्टीनंतर पेटीचा सूर फुसफुसू लागला, तर एकदा झाकण उघडून आत पाहावे.

इतिहासाचा पहिला धडा असा, की फार काळ माणूस चुकीच्या शत्रूवर चिडत होता. दिव्याच्या आसपास उडणारा पतंग दिसला, की लोक त्यालाच दोष देत. वास्तविक कपड्याच्या कसरीची पाकोळी उजेडाला भिते. ती अंधाऱ्या घडीत राहते, आणि उडू लागल्यावर ती काहीच खात नाही. तिच्या तोंडात खाण्याची सोयच राहिलेली नसते. मादी चाळीस-पन्नास अंडी घालते आणि थोड्याच दिवसांत मरते. खाते ती अळी. ऊब आणि खाणे चांगले मिळाले, तर ही अळी दोन-तीन महिन्यांत वाढते. नाही मिळाले तर वर्ष वर्ष, कधी त्याहूनही अधिक काळ, रेंगाळत जगते. म्हणजे आपण पाकोळी मारून हात झटकतो, तेव्हा खाणारी मंडळी आत घडीत निवांत बसलेली असतात.

ही गोष्ट नीट पाहून लिहिणाऱ्यांत फ्रान्समधील रेओम्यूर या शास्त्रज्ञाचे नाव घ्यावे लागते. १७२८ च्या सुमारास, म्हणजे इकडे थोरले बाजीराव स्वारीवर होते त्या काळात, पॅरिसमध्ये हा गृहस्थ काचेच्या भांड्यांत कसरीच्या अळ्या पाळत होता. त्याने त्यांना रंगीत लोकर खायला घातली. तांबडी लोकर खाल्ली तर लीद तांबडी, निळी खाल्ली तर निळी! अळी लोकर पचविते, रंग मात्र तिला पचत नाही. शिक्षकमित्रांनो, ही खूण आपल्यालाही उपयोगी आहे. शालीच्या घडीत शालीच्याच रंगाचे बारीक रवाळ कण सापडले, तर ती धूळ नव्हे. कसर आत आहे, आणि ती हीच शाल खाते आहे.

पण लोकर पचते तरी कशी? गाय-बैल गवत पचवितात, पण पोटात गेलेले केस त्यांनाही पचत नाहीत. लोकरीच्या धाग्यात गंधकाचे सांधे असतात, ते सहजासहजी तुटत नाहीत. या प्रश्नाचे उत्तर डेन्मार्कमधील कोपनहेगनच्या एका प्रयोगशाळेत १९३५ साली मिळाले. लिंडरस्ट्रोम-लांग आणि दुस्पिवा या दोघांनी अळीच्या आतड्याची परीक्षा केली. तेथील रस अतिशय खारट-तुरट, म्हणजे अल्कधर्मी निघाला. त्या रसात गंधकाचे सांधे तुटतात आणि मग लोकर विरघळू लागते.

हा रस किती अल्कधर्मी? समजावयाला आपल्याला कोपनहेगनला जाण्याचे कारण नाही. आपले लोणार जवळ आहे. पाण्याचा अल्कधर्म मोजण्याच्या पट्टीवर शुद्ध पाणी ७ वर असते. लोणारच्या सरोवराचे पाणी १० च्या आसपास मोजले गेले आहे, आणि कसरीच्या आतड्यातला रसही जवळपास तेवढाच. लोणारच्या खाराची कीर्ती जुनी आहे. सोळाव्या शतकाच्या अखेरीस लिहिलेल्या ‘ऐने अकबरी’त, तेथे काच आणि साबण यांना लागणारा माल मिळतो, अशी नोंद आहे. हा खार मळ काढतो खरा, पण लोकरीचा तो वैरी आहे. म्हणून आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. सुती कपडे आपण धुण्याच्या सोड्यात खुशाल भिजवतो. लोकर मात्र सोड्यात कधीही भिजवू नये. जे काम कसर आतड्यात करते, तेच आपण बादलीत केल्यासारखे होईल. लोकरीला रिठ्याचे कोमट पाणी बरे.

आता उपायांकडे वळू. आपल्या आज्या-पणज्यांनी काय केले? कडुलिंबाचा पाला, वेखंडाचे तुकडे, कापूर यांपैकी काहीतरी घडीत ठेवले आणि वरून कापड गुंडाळले. यात अडाणीपणा काही नव्हता. वेखंडाच्या तेलातील एक द्रव्य किड्यांची वीण बंद पाडते, हे जम्मूच्या प्रयोगशाळेतील शास्त्रज्ञांनी १९७७ साली प्रसिद्ध केले. दिल्लीच्या कृषी संशोधन संस्थेत प्रधान यांनी १९६२ साली दाखवून दिले, की निंबोळीचे पाणी फवारलेल्या पिकाला टोळसुद्धा तोंड लावत नाहीत. पण येथेच थोडे थांबले पाहिजे. टोळ हटले ते निंबोळीच्या बियांच्या ताज्या पाण्याने. पेटीत पडून वाळलेल्या आणि वास गेलेल्या पाल्याने कसर मरते, असा अर्थ त्यातून निघत नाही.

“काहून? आमच्या आजीच्या घोंगडीला तर कधीच कसर लागली नाही!” असे कोणी विचारील. नाही लागली, हे खरे. पण आजी पाला घालण्यापूर्वी काय करीत असे, ते आठवा. चैत्र-वैशाखात ती घोंगडी अंगणात काढी. काठीने झोडपी. दिवसभर उन्हात टाकी, दुपारी उलटी करी. घटस्थापनेपूर्वी घर धुताना पुन्हा एकदा पेटी रिकामी होई, पेटीच्या कोपऱ्यातली धूळ निघे, सगळे कपडे भाद्रपदाच्या कडक उन्हात पडत. आणि मग, सर्वांत शेवटी, ताजा पाला घालून घडी मिटली जाई. पाहणाराच्या लक्षात राहिला तो पाला, कारण पेटी उघडताच दिसे तो पालाच. खरे काम केले होते उन्हाने, झोडपण्याने आणि वर्षातून दोनदा घडी मोडण्याने.

याला शास्त्राचा आधार आहे. सुमारे ५० अंश उष्णता अर्धा-एक तास टिकली, तर कसरीची अंडी, अळी, कोष, पाकोळी काहीच वाचत नाही. घाटाखाली मलकापूर, नांदुरा, शेगावकडे मे महिन्यात सावलीतच ४३-४४ अंश तापमान होते. तेथे दुपारी पत्र्यावर किंवा फरशीवर पसरलेली काळी घोंगडी हाताला चटका देते. घाटावर चिखली, मेहकरकडे हवा थोडी सौम्य, तरी वैशाखातल्या दुपारच्या उन्हात काळी लोकर चांगलीच तापते. मात्र अळी हुशार असते. वरची बाजू तापली, की ती खालच्या गार घडीत सरकते. म्हणून उलटापालट करणे आणि झटकणे हे उन्हाइतकेच महत्त्वाचे. शिवाय अंडी धाग्याला हलकीच टेकलेली असतात. नीट झटकले, शिवणीवर ब्रश फिरवला, की पुष्कळशी गळून पडतात.

यानंतर इतिहासात आल्या डांबराच्या गोळ्या. पांढऱ्याशुभ्र गोळीला डांबराची का म्हणतात, असा प्रश्न मुले विचारतात. नाव अगदी बरोबर आहे. दगडी कोळशापासून जे डांबर निघते, त्यातूनच हे पांढरे स्फटिक मिळाले. १८२१ साली इंग्लंडमधील जॉन किड याने त्यांचे गुण लिहून ठेवले आणि नाव दिले नॅप्थलीन. कोळशाचे कारखाने वाढले तसा हा माल स्वस्त झाला, आणि पुढे गोळ्यांच्या रूपाने गावोगावच्या किराणा दुकानांत येऊन पोहोचला.

मग आली डी.डी.टी. स्वित्झर्लंडमधील एक रंगाची कंपनी लोकरीचे कसरीपासून रक्षण करणारी द्रव्येही शोधत होती. त्याच कंपनीतील पॉल म्यूलर यांनी १९३९ साली डी.डी.टी.चा कीटकनाशक गुण ओळखला. १९४८ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. आपल्या देशात १९५३ साली हिवतापाविरुद्ध राष्ट्रीय मोहीम सुरू झाली आणि घरोघरच्या भिंतींवर डी.डी.टी. फवारली गेली. तिने असंख्य माणसांचे प्राण वाचवले, हे विसरून चालणार नाही. पण तीच भुकटी लोकांनी धान्यात, बिछान्यात, कपड्यांत टाकावयास सुरुवात केली. पुढे कळले, की हे विष वर्षानुवर्षे नाहीसे होत नाही आणि प्राण्यांच्या चरबीत साठून राहते. १९८९ साली आपल्याकडे शेतीतील तिचा वापर बंद झाला. तिचे काम सार्वजनिक आरोग्यापुरतेच राहिले. घरच्या पेटीत तिला जागा नाही.

डी.डी.टी. गेली, पण गोळ्या राहिल्या. आता मी आरंभी म्हणालो होतो त्या लेकराकडे येतो. हा भाग कृपा करून लक्ष देऊन ऐकावा आणि घरात वाचून दाखवावा.

काही माणसांच्या रक्तातील तांबड्या पेशींत एक संरक्षक विकर जन्मतःच कमी असते. त्याला जी-सिक्स-पी-डी म्हणतात. हा दोष १९५६ साली ओळखला गेला. मुलग्यांना तो आईकडून येतो आणि मुलींपेक्षा मुलग्यांत तो अधिक दिसतो. आपल्या देशातही अनेक समाजांत तो आढळतो. असा माणूस एरवी ठणठणीत असतो, त्याला स्वतःलाही काही ठाऊक नसते. पण नॅप्थलीनची वाफ किंवा अंश अंगात गेला, की या दुबळ्या पेशी भराभर फुटू लागतात. बाळ पिवळे पडते. कावीळ फार वाढली, तर ती मेंदूपर्यंत पोहोचते. १९६३ साली ग्रीसमधील डॉक्टरांनी नॅप्थलीनच्या वासाने रक्तपेशी फुटलेल्या २१ नवजात बालकांची हकिकत प्रसिद्ध केली. त्यांतल्या निम्म्याहून अधिक बालकांत हा जन्मजात दोष होता. बाकीच्यांत तो नव्हता, म्हणजे दोष नसलेले कोवळे मूलही पूर्ण सुरक्षित नाही.

आता आपल्या घराचा विचार करा. बाळ जन्मले, की आजी मायेने पेटी उघडते. जपून ठेवलेली मऊ शाल, थोरल्या भावंडाचे लोकरी टोपडे, जुने दुपटे बाहेर निघते. त्याला गोळ्यांचा घमघमाट असतो. बाळाला तेल लावलेले असते, आणि नॅप्थलीन तेलात विरघळते. बाळंतिणीची खोली बंद, आत शेगडी, म्हणजे ऊबही भरपूर. त्या उबेने वाफ अधिक निघते. आजीच्या मायेत काही उणे नाही. पण शाल वाचवणारी गोळी बाळाला बाधू शकते, हे तिला कोणी सांगितलेलेच नसते. म्हणून आपण सांगायचे.

बाळाच्या कपड्यांत डांबराच्या गोळ्या मुळीच ठेवू नयेत. पूर्वी ठेवलेल्या असतील, तर ते कपडे धुऊन, चार-सहा दिवस मोकळ्या हवेत आणि उन्हात राहून, वास पुरता गेल्यावरच वापरावेत. बाळंतिणीच्या खोलीत गोळ्यांची पेटी ठेवू नये. रांगत्या मुलाला गोळी पेपरमिंटासारखी दिसते, ती त्याच्या हाती लागता कामा नये. मूल पिवळे दिसले, लघवी चहासारखी गडद झाली, किंवा मुलाने गोळी चघळली, तर घरगुती औषधात वेळ न घालवता दवाखाना गाठावा आणि गोळ्यांची गोष्ट डॉक्टरांना आवर्जून सांगावी.

एवढे करून या गोळ्यांचा उपयोग तरी किती? घट्ट झाकणाच्या पेटीत, वाफ कोंडून राहिली तरच त्या कसर मारतात. सैल दाराच्या कपाटात दोन-चार गोळ्या टाकल्याने आपल्याला वास येतो, कसरीचे फारसे बिघडत नाही.

मग करावे काय? आजीचाच वर्षक्रम, थोड्या समजुतीने. होळीनंतर थंडीचे कपडे ठेवायचे, ते धुऊनच ठेवावेत. घामाचा, तेलाचा डाग हे कसरीला आमंत्रण होय. वैशाखात घोंगडी, शाल, स्वेटर कडक उन्हात टाकावेत, दोन्ही बाजूंनी तापवावेत, झटकावेत. रेशीम मात्र थेट उन्हात घालू नये, त्याचा रंग उडतो. पैठणी सावलीत वाऱ्यावर घालावी आणि घडी बदलून सुती पंचात गुंडाळावी. जागोजाग शिवलेल्या सुती पिशवीत किंवा घट्ट डब्यात कपडे पूर्ण कोरडे करून ठेवावेत. ओलसर घोंगडी मिटून ठेवली, तर कसरीआधी बुरशीच लागेल. पावसाळा संपताच पुन्हा एकदा सगळे बाहेर काढावे. पेटीचे कोपरे, फळ्यांच्या फटी, छतातली पाखरांची जुनी रिकामी घरटी आणि कोळिष्टके साफ करावीत, कारण कसरीचे माहेर तेथेच असते. हे सर्व झाल्यावर हौसेने वेखंड घालावे, ताजा पाला घालावा. त्याला माझी ना नाही.

शिक्षकमित्रांनी वर्गात एक सोपा पाठ घ्यावा. लोकरीचा एक धागा आणि सुताचा एक धागा चिमट्यात धरून स्वतः पेटवून दाखवावा. सूत कागदासारखे जळते. लोकर जळताना केस जळाल्याचा वास येतो. कसर कोणता धागा खाईल, हे मग मुलेच सांगतील. आणि मुलांनी घरी जाऊन आजीला विचारावे, की तुमच्या वेळी घोंगडी कशी जपत होता? जी उत्तरे मिळतील, ती वहीत उतरवून घ्यावीत. गावाचा इतिहास असाही लिहिला जातो.

सिंदखेडराजाला जिजाऊंच्या माहेरच्या वाड्याचे दगड आपण आजही पाहतो. दगड टिकतो, कापड टिकत नाही. ज्या घोंगडीखाली आपले आजोबा रानात निजले, ती नातवाच्या हाती द्यायची असेल, तर दरवर्षी दोन दिवस तिच्यासाठी काढले पाहिजेत. ऊन फुकट आहे, अंगण आपले आहे. हे काम उद्यावर टाकून भिजत घोंगडे ठेवू नका, एवढीच विनंती.